वाचकांचे प्रश्न : अमोनियातून हायड्रोजन, लोहाच्या उत्प्रेरकावर

प्रश्न : गॅमा अ‍ॅल्युमिनावर (हे सच्छिद्र अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड) 10 टक्के लोह बसवलं. फेरिक नायट्रेटचं द्रावण ओतलं, ओव्हनमध्ये 120 अंशांवर झटपट वाळवलं, 700 अंश सेल्सिअसला भाजलं आणि 500 अंशांवर हायड्रोजनमध्ये क्षपण केलं (ऑक्साइडमधला ऑक्सिजन काढून धातू बनवला). भाजलेला दाणा फोडला की कड गडद आणि आत फिकट दिसतं. अमोनियाचं विघटनही जेमतेम होतं. काय चुकलं?

उत्तर : वाळवणं आणि भाजणं, दोन्ही. घाईने वाळवलं की पाणी बाहेर येताना नायट्रेटलाही कडेकडे ओढून आणतं. तिथे थर जाड होतो आणि क्षपणात त्याचे मोठे कण बनतात; मग ‘नॅनो’ म्हणजे अतिसूक्ष्म कण फक्त अहवालात उरतात.

हिशोब असा करा. 9 ग्रॅम अ‍ॅल्युमिनावर 1 ग्रॅम लोह हवं, तर नऊ रेणू पाणी असलेलं फेरिक नायट्रेट 7.23 ग्रॅम लागतं. अ‍ॅल्युमिना ग्रॅमला 0.8 मिलि पाणी शोषत असेल (आपल्या नमुन्याची क्षमता आधी पाणी टाकून मोजा), तर एका वेळी 7 मिलिच मुरेल. म्हणून नायट्रेटचे दोन भाग करा. एकेका भागाचं द्रावण पाण्याने एकूण 7 मिलि करा आणि ढवळत थेंबाथेंबाने टाका. पावडर ओलसर पण सुटी राहिली पाहिजे. तळाला पाणी साचलं तर जास्त झालं. ती काही तास उघडी ठेवून अधूनमधून हलवा, मग 60 अंश, मग रात्रभर 110. पहिल्या फेरीनंतर 350 अंशांवर भाजून घ्या, नाहीतर दुसऱ्या फेरीत आधीचं नायट्रेट पुन्हा विरघळतं. शेवटी 450 अंश, चार तास, मिनिटाला 2 अंशांच्या चढाने. तपकिरी विषारी धूर निघतो, तेव्हा हे धूरकपाटातच.

700 अंशांवर लोहाचे आयन अ‍ॅल्युमिनाच्या जाळीत शिरतात. पुढे क्षपणात त्यांचं हर्सिनाइट (लोह आणि अ‍ॅल्युमिनियमचं संयुक्त ऑक्साइड) होतं आणि ते 500 अंशांना दाद देत नाही. क्षपण 600 अंशांवर, हायड्रोजनचा प्रवाह भरपूर ठेवून करा. तयार होणारी वाफ रेंगाळली की कण एकमेकांना चिकटून वाढतात. आणि क्षपण झालेली पावडर थेट हवेत काढू नका, ती पेट घेते. आधी नायट्रोजनमध्ये थंड करून, मग 1 टक्क्याहून कमी ऑक्सिजन मिसळलेल्या नायट्रोजनने तिच्या पृष्ठभागावर सावकाश ऑक्साइडचा पातळ थर बसू द्या.

प्रश्न : शुद्ध अमोनिया सोडला. बाहेर पडणाऱ्या वायूत 20 टक्के अमोनिया मिळाला, म्हणजे रूपांतर 80 टक्के ना? पण रिकाम्या स्टीलच्या नळीतही थोडं विघटन दिसतं.

उत्तर : 80 नाही, 66.7. अमोनियाच्या दोन रेणूंतून नायट्रोजनचा एक आणि हायड्रोजनचे तीन रेणू निघतात, त्यामुळे वायूचं आकारमान फुगतं. बाहेरच्या वायूत अमोनियाचा वाटा ‘य’ असेल, तर रूपांतर = (1 − य) ÷ (1 + य). इथे 0.8 ÷ 1.2. ही चूक छापील आकड्यांतही डोकावते. दोन उत्प्रेरकांची तुलना करायला बसाल तेव्हा हे आधी तपासा.

रिकाम्या नळीचं कोडं सोपं आहे : स्टेनलेस स्टीलमधलं लोह आणि निकेल स्वतःच उत्प्रेरकाचं काम करतात. क्वार्ट्झची नळी वापरा. थर्मोकपलचं (तापमान मोजणाऱ्या तारेचं) पोलादी आवरणही गरम भागात उघडं नको, त्यावर क्वार्ट्झची टोपी घाला. त्याचं टोक मात्र उत्प्रेरकाच्या थरातच हवं. ही अभिक्रिया उष्णता शोषते (अमोनियाच्या मोलमागे सुमारे 46 किलोज्यूल), म्हणून भट्टीचा आकडा आणि थराचं तापमान यांत मोठा फरक पडू शकतो.

प्रश्न : वापरानंतर एक्स-रे विवर्तनात (स्फटिकाची रचना ओळखण्याच्या चाचणीत) धातूच्या लोहाऐवजी नायट्राइड (लोह आणि नायट्रोजनचं संयुग) दिसलं. उत्प्रेरक वाया गेला का?

उत्तर : नाही. लोह नायट्रोजनला घट्ट धरतं. पृष्ठभागावरचे नायट्रोजनचे अणू जोडीने सुटणं हीच इथली संथ पायरी आणि रुथेनियमच्या मानाने लोहाला जास्त तापमान लागतं ते याच कारणाने. थराच्या तोंडाशी अमोनिया जास्त, हायड्रोजन कमी, तिथे नायट्राइड बनतं. शेवटाकडे उलट स्थिती असते. शिवाय अमोनिया चालू ठेवूनच भट्टी थंड केली असेल, तर थंड होतानाही नायट्राइड बनतं. थंड करतानाचा वायू नोंदवल्याशिवाय त्या आलेखावरून निष्कर्ष काढू नये. खरी काळजी कण वाढण्याची. ही वाढ तांब्याच्या नळीतल्या एक्स-रे किरणांत लोहाच्या 44.7 अंशांच्या (कोनाच्या) शिखरावरून बघायला गेलात, तर शेजारी अ‍ॅल्युमिनाचं 46 अंशांचं रुंद शिखर गोंधळ घालतं आणि लोहाच्या प्रतिदीप्तीने (या किरणांनी लोह स्वतःच एक्स-रे सोडतं त्याने) पार्श्वभूमीही वर जाते. कोबाल्टची एक्स-रे नळी मिळाली तर उत्तम.

प्रश्न : हा हायड्रोजन थेट इंधनघटात चालेल?

उत्तर : प्रोटॉन-पटलाच्या (फक्त प्रोटॉन आरपार सोडणाऱ्या पडद्याच्या) घटात नाही. त्याला अमोनिया दशलक्षात 0.1 भागापेक्षा जास्त नको. आणि एका वातावरण दाबाला 500 अंशांवर समतोल गाठला, तरी दशलक्षात एक हजाराहून अधिक भाग उरतात. मध्ये शोषक हवाच. प्रयोगशाळेत उरलेला अमोनिया सौम्य सल्फ्युरिक आम्लातून सोडा; पण भट्टी आणि आम्ल यांच्यामध्ये एक रिकामी बाटली ठेवा. अमोनिया आम्लात इतक्या वेगाने विरघळतो की प्रवाह कमी होताच आम्ल मागे, गरम नळीकडे खेचलं जातं. जोडणीत पितळ किंवा तांबं कुठेही नको.