घरच्या कॅरमेलची किंमत कशी ठरवायची?

प्रश्न : ताई, मी घरी मऊ कॅरमेल आणि चॉकलेट करून विकते. सुरुवात ओळखीच्या लोकांपासून झाली, आता अनोळखी लोकही ऑर्डर देतात. साहित्याचा खर्च काढून त्यावर थोडं चढवते आणि दर लावते. दर वाढवायचा म्हटलं की घरचे म्हणतात, "घरातच तर करतेस, खर्च कसला?" मागणी वाढली म्हणून परवा एकाच भांड्यात दुप्पट साहित्य घेतलं, तर कॅरमेल काळपट झालं आणि दोन दिवसांत रवाळ. काय करू?

उत्तर : घरच्यांच्या वाक्यापासून सुरुवात करते. कॅरमेल सुधारणं त्यामानाने सोपं आहे. "घरातच तर करतेस" म्हणणाऱ्यांना साखर दिसते, गॅस दिसतो; तुमचे तास दिसत नाहीत. पण तुमच्या हिशेबात तरी ते कुठे आहेत? साहित्याचा खर्च तुम्ही काढता, मजुरीचा रकानाच नाही. आधी तो आखा, मग घरच्यांशी बोला.

एक बॅच घेऊ. ५०० ग्रॅम साखर, ३०० ग्रॅम लिक्विड ग्लुकोज (दाट, गोड पाक), ५०० ग्रॅम क्रीम, ८० ग्रॅम बटर. भांड्यात गेलं १,३८० ग्रॅम. क्रीममधलं पाणी उडतं आणि ट्रेमध्ये साधारण १,१०० ग्रॅम उतरतं. किलोचा खर्च या उतरलेल्या वजनावर काढायचा, घातलेल्या नव्हे. कडेचे वेडेवाकडे तुकडे बाजूला काढले की १० ग्रॅमच्या शंभरेक वड्या मिळतात. एक वडी कागदात गुंडाळून दोन्ही टोकं पिळायला १५ सेकंद धरा. झाली २५ मिनिटं, आणि ती फक्त गुंडाळायची. कापणं, वजन करणं, डबे भरणं, तळाला चिकटलेलं भांडं गरम पाण्यात भिजवून घासणं, ऑर्डरच्या फोनला उत्तरं देणं हे सगळं वेगळंच. एकदा घड्याळ समोर ठेवून हे लिहून काढा. शिजवण्यापेक्षा बाकीच्या कामांनाच जास्त वेळ जातो, हे तुमच्या लक्षात येईल.

तासाची मजुरी किती धरायची? उद्या तुम्ही आजारी पडलात, तर हेच काम दुसऱ्या बाईकडून ज्या पैशांत करून घ्याल, तितकी. ती आजपासून दरात घाला. नाहीतर ज्या दिवशी खरोखर मदतनीस ठेवाल, त्या दिवशी धंदा तोट्यात जाईल.

दर चढा ठेवायची भीती वाटते, हे मला समजतं. मार्गारेट रडकिनचं उदाहरण यासाठी मला फार मोलाचं वाटतं. ती पाव करायची, मिठाई नव्हे, पण प्रश्न तुमचाच होता. अमेरिकेत कनेटिकटमध्ये १९३७ साली तिने आजारी मुलासाठी घरी गव्हाचा पाव भाजायला सुरुवात केली आणि मग तो विकायला काढला. दुकानात साधा पाव १० सेंटला मिळायचा. तिने आपला २५ सेंटला ठेवला, कारण चांगलं लोणी, दूध आणि नुकतंच दळलेलं पीठ घालून तो त्याहून स्वस्तात परवडतच नव्हता. लोकांनी तो घेतला. तिचा 'पेपरिज फार्म' नावाचा हा धंदा पुढे १९६१ मध्ये कॅम्पबेल सूप कंपनीने विकत घेतला. अडीचपट दर मागताना तिच्याकडे हिशेब तयार होता, हे मला महत्त्वाचं वाटतं.

आता भांडं. साहित्य दुप्पट झालं, पण भांड्याचं तोंड तेवढंच राहिलं, म्हणून वाफ जायला जागा तेवढीच. त्याच तापमानाला पोचायला मिश्रणाला कितीतरी जास्त वेळ लागतो आणि तेवढा वेळ क्रीममधलं दूध आचेवर राहतं. काळपट रंग त्यातून आला. त्यामुळे ऑर्डर दुप्पट असेल तर दोन बॅच करा, किंवा रुंद आणि जाड बुडाचं भांडं घ्या. नुसतं खोल भांडं नको.

रवाळपणा बहुतेक वेळा भांड्याच्या कडेमुळे येतो. कडेला सुकलेला साखरेचा एखादा कण आत पडला की त्याच्याभोवती बाकीची साखर जमू लागते. पहिली उकळी आली की दोन-तीन मिनिटं झाकण ठेवा, वाफेने कडा धुऊन निघतील. राहिलेलं ओल्या ब्रशने पुसा. आणि ओतताना भांडं खरवडू नका, कितीही जिवावर आलं तरी! लिक्विड ग्लुकोजही रवाळपणा टाळण्यासाठीच असतं, ते कमी करून पैसे वाचवू नका.

तार बघून किंवा रंगावरून उतरवत असाल तर आता थर्मामीटर घ्या. मऊ कॅरमेल ११८ अंश सेल्सिअसच्या आसपास उतरवतात, १२१ ला ते चांगलंच घट्ट होतं. एवढ्या फरकात ग्राहकाचा दात अडकतो. थर्मामीटर आधी उकळत्या पाण्यात तपासा. उंचावरच्या गावात पाणी १०० च्या आधीच उकळतं, तिथे जेवढे अंश कमी भरतील तेवढे कॅरमेलच्या आकड्यातूनही वजा करा.

चॉकलेटबद्दल तुम्ही तक्रार केलेली नाही, म्हणून एवढंच सांगते : ताज्या क्रीमचं सारण असलेली चॉकलेटं आणि भरीव चॉकलेटं एकाच तारखेने विकू नका. क्रीमचं सारण फार लवकर खराब होतं. आता अनोळखी लोक घेतात, तेव्हा डब्यावर तारीख हवी, दूध आणि सुकामेवा यांचा स्पष्ट उल्लेख हवा, आणि तुमच्या भागातला अन्नपरवानाही हवा.

प्रश्न : मैत्रीण भागीदारीत यायचं म्हणते. दोघींनी मिळून मिठाईचा धंदा करावा का?

उत्तर : जरूर करा. अमेरिकेतल्या केंटकी राज्यात फ्रँकफर्ट गावात रूथ हॅन्ली आणि रिबेका गूच या दोन शिक्षिकांनी १९१९ मध्ये शाळा सोडून असाच धंदा उभा केला. त्यांनी भेट दिलेली मिठाई खाऊन लोक म्हणायचे, शिकवण्यापेक्षा तुम्हाला हे जास्त छान जमतं. १९२९ मध्ये रिबेकाने आपला हिस्सा रूथला विकला आणि ती बाहेर पडली. पुढे आग लागून कारखाना गेला, तेव्हा रूथने ५० डॉलर उसने घेऊन पुन्हा सुरुवात केली. धंद्याचं नाव मात्र 'रिबेका रूथ' असंच राहिलं, आजही आहे.

तुम्हीही सुरुवातीलाच कागदावर लिहा : एकजण बाहेर पडली तर हिश्शाची किंमत कशी काढायची, नाव कोणाकडे राहणार, आणि वहीतल्या पाककृती कोण वापरू शकणार. दोघींच्या सह्या करा आणि एकेक प्रत आपापल्या घरी ठेवा.