निळे तंतू म्हणजे सूक्ष्मप्लास्टिकच का?

कोकणकिनाऱ्यावरील वाळू मिठाच्या संपृक्त द्रावणात ढवळून, वरचे पाणी गाळून, स्टिरिओ सूक्ष्मदर्शकाखाली मोजलेले निळे तंतू प्रबंधात सूक्ष्मप्लास्टिक म्हणून नोंदवता येतील का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते येणार नाहीत. वर्णपट, म्हणजे कण कोणता प्रकाश किती शोषतो वा विखुरतो याचा पदार्थ ओळखू देणारा आलेख, घेईपर्यंत ते केवळ संशयित कण आहेत. जगभरच्या समुद्रांतील सुमारे २००० तंतूंच्या, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अवघे ८.२ टक्के तंतू कृत्रिम निघाले. बहुतांश सेल्युलोजचे होते आणि काही प्राणिज. रंगवलेला सुती धागाही निळाच दिसतो.

शिवाय आपल्या द्रावणाची घनता घनसेंटिमीटरला सुमारे १.२ ग्रॅम आहे आणि पॉलिएस्टरची १.३८. पॉलिएथिलीन, पॉलिप्रॉपिलीन आणि जाळ्यांचा नायलॉन त्यात वर येतात, पॉलिएस्टर मात्र वाळूसोबत तळाशी राहण्याचीच शक्यता अधिक. त्यासाठी झिंक क्लोराइडचे जड द्रावण लागते. ते विषारी आणि दाहक असल्याने गाळून पुन्हा वापरावे, मोरीत ओतू नये.

एफटीआयआरवर, म्हणजे अवरक्त प्रकाशाचा वर्णपट घेणाऱ्या उपकरणावर, सॉफ्टवेअर ज्ञात पदार्थांच्या वर्णपटांशी जुळणीचे जे टक्के दाखवते, त्यांवर विसंबू नका. वर्णपट स्वतः वाचा. पॉलिएथिलीनची २९१५ आणि २८४८ ही जोडशिखरे (इथले सर्व आकडे तरंगसंख्येचे, प्रति सेंटिमीटर) ठळक असतात, पण हातमोज्यांवरून नमुन्यात उतरणारे स्टिअरेट हे साबणासारखे क्षारही नेमकी तीच जोडी दाखवते. फरक कळतो तो १५४० ते १५८० या पट्ट्यातील जादा शिखरावरून. उलट, उन्हात दीर्घकाळ पडलेल्या पॉलिएथिलीनच्या तुकड्यात १७१५ जवळ कार्बोनिलचे (कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंधाचे) शिखर उगवते, जुळणी घसरते आणि खरे प्लास्टिक नाकारले जाते, याचे मला फार वाईट वाटते. सुती तंतूला ३३०० जवळ रुंद आणि १०३० जवळ उंच शिखर असते. त्यामुळे काचतंतूच्या गाळणकागदावरच मोजमाप घेऊ नका, कारण काचेचे शोषण नेमका हा १००० च्या आसपासचा भाग झाकून टाकते. तंतू चिमट्याने उचलून वेगळा ठेवा. दहा-वीस मायक्रॉनहून बारीक कणांसाठी रामन पद्धत (लेझरच्या विखुरलेल्या प्रकाशाचा वर्णपट) बरी, मात्र निळी रंगद्रव्ये तिथे स्वतःचाच वर्णपट पुढे करतात आणि खालचा बहुवारिक (पॉलिमर) दिसेनासा होतो.

प्रत्येक तुकडीबरोबर वाळूविना कोरा नमुना त्याच भांड्यांतून, त्याच टप्प्यांतून न्यावा. त्यात सापडलेले तंतू रंग आणि प्रकारानुसार प्रबंधात नोंदवावेत, आणि किती संशयित कणांपैकी किती वर्णपटाने तपासले, हेही त्याच तक्त्यात द्यावे.