तीन वर्षे शिकूनही बासरी सुधारत नसेल, तर काय करावे?

आपण विचारले आहे की, तीन वर्षे बासरीचा क्लास केला, तीन बासऱ्या घेतल्या, रोज तासभर बसता, तरी वादन होते तिथेच आहे; तर आता शिक्षक बदलावेत, आणखी चांगली बासरी घ्यावी, की हा नाद सोडून द्यावा? याच तीन प्रश्नांत माझी पाच वर्षे गेली, त्यामुळे उत्तर दिल्यावाचून राहवले नाही.

बासरी घेऊ नका. हे सर्वांत आधी सांगते, कारण मी एकापाठोपाठ चार घेतल्या. पांढरी तीनच्या (पेटीची तिसरी पांढरी पट्टी हा जिचा सा, अशा) मोठ्या बासरीवर माझा मंद्र पंचम, म्हणजे खालच्या सप्तकातला प, लागत नसे. सहाही छिद्रे बंद करून हळुवार फुंकले की तो स्वर भरीव यायला हवा. माझा स्वर एक तर नुसता फुसफुसे, नाही तर फाटून वरच्या सप्तकात उडे. पहिल्या बासरीचा बांबू पातळ आहे असे कोणीतरी म्हणाले, दुसरीचे फुंकायचे छिद्र मोठे आहे असे मी स्वतःच ठरवले, तिसरी आणि चौथी खास मैफलीच्या वादकांसाठी केलेल्या म्हणून घेतल्या. प्रत्येक नवी बासरी पहिले आठ दिवस बरी वाटे, आणि नंतर तोच पंचम तसाच फाटे.

क्लासमध्ये आम्ही आठ जण होतो. सर पलटा, म्हणजे सरावाची स्वररचना, वाजवून दाखवत, आम्ही सगळे मिळून वाजवत असू, आणि आठ बासऱ्यांच्या आवाजात माझा पंचम झाकला जाई. भूप राग झाला, दुर्गा झाला, यमन सुरू झाला. वही बंदिशींनी भरत गेली. मंद्रात स्वर फाटतो, काय करू, असे मी सरांना दोनदा विचारले. दोन्ही वेळा ‘रियाज वाढवा’ एवढेच उत्तर मिळाले, आणि दुसऱ्या वेळी तर प्रावीण्याला दहा हजार तासांचा सराव लागतो, असा सर्वांसमोर दाखला मिळाला. मी रोज दीड तास बसत होते आणि तसे सांगितलेही. त्यांचा विश्वास बसला नाही. ती गोष्ट मला आजही लागते. घरी दादाचे म्हणणे वेगळेच होते: सूर उपजत असावा लागतो, चाळिशीत तो शिकून येत नाही.

पाचव्या वर्षी चौथी बासरी तपासून घ्यावी एवढ्याच हेतूने मी एका वयोवृद्ध वादकांकडे गेले. त्यांनी ती ओठांना लावली आणि मंद्र पंचमाने खोली भरून गेली. मग त्यांनी मला तोच एक स्वर, थांब म्हणेपर्यंत, वाजवायला सांगितले. मिनिटभराने म्हणाले, ‘आता बासरी ठेवा आणि बोटे दाखवा.’ दिव्याखाली त्यांनी माझी बोटे उलटी धरली. पाच बोटांच्या पेरांवर छिद्राच्या कडेचे वर्तुळ पुरते उमटले होते; उजव्या हाताच्या अनामिकेवर मात्र चंद्रकोरीसारखी अर्धीच खूण होती. छिद्राची पलीकडची कड बोटाखाली येतच नव्हती. शेवटचे छिद्र असे केसभर उघडे राहिले की पंचम चढतो, कोमल धैवताकडे, म्हणजे लगतच्या वरच्या स्वराकडे, सरकतो, नाही तर फाटतो. मध्य सप्तकातला पंचमही सहा छिद्रे बंद करून, फक्त फुंक वाढवूनच वाजतो, त्यामुळे तोही बिघडलेला होता. पंचमाला आपण अचल स्वर म्हणतो, आणि माझ्या हातून तोच रोज जागा बदलत होता.

कारण साधे होते. बासरीवादक पन्नालाल घोष (1911–1960) यांनी रागसंगीतासाठी लांब बासरी रूढ केली. तिच्या धीरगंभीर मंद्राचे मोल बोटे ताणून द्यावे लागते. सरांनी मला सहाव्याच महिन्यात मध्यम बासरीवरून मोठीवर नेले. अनामिका पोहोचत नव्हती, म्हणून मी ती टोकावर उभी करू लागले. छिद्र बोटाच्या टोकाने झाकत नसतात, पेराच्या मांसल भागाने झाकतात. म्हणजे इतकी वर्षे रोज दीड तास मी त्या चुकीचाच रियाज पक्का करत होते, आणि सरांचा सल्ला मानून रियाज वाढवला असता तर ती आणखी पक्की झाली असती.

त्या दहा हजार तासांविषयीही बोलायला हवे. मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन व सहकाऱ्यांनी 1993 मध्ये बर्लिनमधील संगीत अकादमीच्या व्हायोलिनवादकांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला, तिथून हा आकडा सर्वत्र पोहोचला. तो आकडा म्हणजे सर्वोत्तम गटाने विसाव्या वर्षापर्यंत एकट्याने केलेल्या सरावाची सरासरी आहे, आणि तो सराव म्हणजे नेमका दोष हेरून, कान देऊन केलेला सराव. नुसते तास मोजा असे त्यात कुठेही नाही.

पुढचे चार महिने मी पांढरी पाचच्या मध्यम बासरीवर, तानपुरा लावून, फक्त लांब स्वर वाजवले. मनगट थोडे बाहेर वळवले, बोटे आडवी ठेवायला शिकले, रोज दहा मिनिटे मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून ते दुसऱ्या दिवशी ऐकले. यमनपर्यंत पोहोचून पुन्हा षड्जावर येणे मला फार अपमानास्पद वाटले. तेव्हा धीर आला तो बासरीवादक हरिप्रसाद चौरसियांच्या उदाहरणाने: वादक म्हणून नाव झाल्यावर ते सूरबहारवादक अन्नपूर्णादेवींकडे शिकायला गेले आणि उजवीकडे धरायची बासरी डावीकडे धरून त्यांनी नव्याने सुरुवात केली. पाचव्या महिन्यात माझा मंद्र पंचम लागला, तोही मी पहिल्यांदा घेतलेल्या, पातळ बांबूच्या म्हणून टाकून दिलेल्या बासरीवर. दादा त्या वेळी शेजारच्या खोलीत होता. उपजत सुराची गोष्ट त्याने त्यानंतर काढलेली नाही.

शिक्षक बदलावेत का? आपल्या शिक्षकांनी गेल्या वर्षभरात आपल्याला एकट्याला दहा मिनिटे तरी ऐकले आहे का, हे आठवून पाहा. नसेल, तर तशी विनंती करा. ती टाळली गेली तर क्लास सोडा, मग ते स्वतः कितीही उत्तम वादक असोत. सामूहिक वर्गात बंदिशी पाठ होतात, सूर तिथे सुधारत नाही.

अर्थात आपला दोष बोटांत नसून फुंकीत किंवा ओठांच्या ठेवणीतही असू शकतो, आणि तो आरशासमोर उभे राहिल्याशिवाय दिसत नाही. बोटे किंवा मनगट दुखत असेल तर ताण देऊ नका, लहान बासरी घ्या. बासरी घेऊ नका या माझ्या म्हणण्याला तेवढाच अपवाद. लहानपणी सुरुवात केलेल्यांचा कान लवकर तयार होतो, हेही मी नाकारत नाही.

नाद सोडण्याचा निर्णय मात्र आज घेऊ नका. आज रात्री मंद्र पंचम मिनिटभर धरा, मग बोटे दिव्याखाली उलटी करून पाहा आणि सहाही पेरांवर वर्तुळ पूर्ण आहे का, ते मला कळवा.