मिलफर्ड साउंडला पहिल्यांदा जाताना

न्यूझीलंडमधील मिलफर्ड साउंड या समुद्राच्या खाडीत बोटीने फिरण्यासाठी क्वीन्सटाऊन शहराहून स्वतः गाडी चालवत एका दिवसात जाऊन येण्याचा आपला बेत उत्तम आहे, फक्त एक बदल अवश्य करावा: आदल्या रात्री वाटेतील ‘ते आनाऊ’ या गावी मुक्काम करावा. क्वीन्सटाऊनहून एका बाजूचे अंतर सुमारे २९० किलोमीटर भरते, आणि वेळेचा हिशेब मांडताना घाटातील वळणे व होमर बोगद्यापाशी सिग्नलसाठी थांबणे नवखे प्रवासी विसरतात, त्यामुळे अनेकांची बोट चुकते. ते आनाऊहून जेमतेम १२० किलोमीटर उरतात.

पावसाचा अंदाज पाहून तिकीट रद्द करणे, ही त्याहून मोठी चूक. येथे वर्षाला साडेसहा मीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तो पडत असतानाच एरवी कोरड्या दिसणाऱ्या काळ्या कड्यांवरून असंख्य धबधबे कोसळू लागतात. बोट स्टर्लिंग धबधब्याजवळ जाते तेव्हा चष्म्यावर तुषारांचा थर साचतो, म्हणून रेनकोट हवाच. छत्री निरुपयोगी ठरते.

निघण्यापूर्वी:
- टाकी ते आनाऊलाच भरून घ्यावी.
- नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवावा, कारण वाटेत बहुतेक ठिकाणी नेटवर्क नसते.
- सँडफ्लाय या चावऱ्या माश्यांसाठी मलम जवळ ठेवावे.

हिवाळ्यात हिमस्खलनाच्या धोक्यामुळे रस्ता बंद होऊ शकतो. रस्ता खुला असला तरी त्या दिवसांत स्वतः गाडी न चालवता बसनेच जावे. कयाक, म्हणजे वल्ह्याची छोटी होडी, चालवण्याचा विचार पुढच्या खेपेला करू.