बारावीचे चांगले फुटबॉलपटू कॉलेजकडे कसे वळवावेत?

प्रश्न : आमच्या म्हापशाच्या कॉलेजचा संघ बरा आहे, पण तालुक्यातली चांगली मुलं बारावीनंतर दुसरीकडे प्रवेश घेतात. काय करावं?
– एक क्रीडाशिक्षक

उत्तर : प्रवेश सुरू झाल्यावर धावपळ केलीत तर उशीर झालाच म्हणून समजा. मुलगा अकरावीत असतानाच पावसाळ्यातले सुब्रतो कप या शालेय फुटबॉल स्पर्धेचे तालुका सामने बघा. गोल कोण मारतो हे सगळेच बघतात. तुम्ही पायातला चेंडू गेल्यावर पुढच्या पाच सेकंदांत मुलगा काय करतो ते टिपा. गोलकीपर आणि डावखुरा बचावपटू आधी हेरा, ते सहसा मिळत नाहीत.

मग त्याच्या शाळेच्या पीटी सरांना भेटा, नंतर आईवडिलांना. घरचे शिष्यवृत्तीआधी हजेरीचं विचारतात. स्पर्धेचे दिवस ७५ टक्के हजेरीत कसे धरणार, बुडालेली चाचणी कधी घेणार, हे प्राचार्यांच्या सहीने लेखी द्या. तोंडी शब्दावर आलेली मुलं पहिल्याच सत्रात बिथरतात.

पेडणे-सत्तरी तालुक्यांतली मुलं गळतात ती बहुधा बसपायी. सराव सातला संपला आणि शेवटची कदंब बस चुकली, की आठवड्याभरात मुलगा येईनासा होतो. सराव सकाळी घ्या, नाहीतर गाडीची सोय करा. नव्या जर्सीचा खर्च थांबू शकतो. मुलगा क्लबकडून खेळत असेल तर त्याच्या प्रशिक्षकाशी तारखा आधीच जुळवा.