मुंबई मॅरेथॉनच्या तयारीत नडगीला दुखापत झाली आणि सहा आठवडे धावणे बंद झाले. केलेली मेहनत वाया गेली का? हा काळ कसा काढावा?

आपण लिहिले आहे की जानेवारीतील मुंबई मॅरेथॉनमध्ये पहिल्यांदाच पूर्ण ४२ किलोमीटर धावायचे ठरले होते, जूनपासून नियमित सराव चालू होता, सप्टेंबरमध्ये साताऱ्याची हिल हाफ, म्हणजे घाटातली अर्धमॅरेथॉनही झाली आणि ऑक्टोबर लागताच नडगीच्या आतल्या बाजूला दुखू लागले. एमआरआयमध्ये हाडावर ताण आल्याचे दिसले, भेग मात्र दिसली नाही. डॉक्टरांनी सहा आठवडे धावणे बंद करायला सांगितले आहे. त्यांपैकी दोन आठवडे झाले, चालताना आता काहीच दुखत नाही आणि ग्रुपमधील सगळे दर रविवारी लाँग रनला जात असताना घरी बसवत नाही. मी डॉक्टर नाही, पुण्यात बरीच वर्षे धावणारा एक हौशी धावपटू आहे आणि नडगीच्या याच दुखण्यातून गेलेलो आहे. आपल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे की मेहनत वाया गेलेली नाही, परंतु येत्या जानेवारीतील पूर्ण मॅरेथॉन आपण सोडावी. हा निर्णय आजच घेतला, तर पुढचे चार आठवडे बरेच सोपे जातील.

असे का म्हणतो ते समजण्यासाठी हाड कसे दुरुस्त होते ते पाहावे लागेल. धावण्याचा भार वाढला की हाड आधी स्वतःचा थकलेला भाग काढून टाकते आणि मग तेथे नवीन हाड भरते. काढण्याचे काम तीन-चार आठवड्यांत उरकते, भरण्याचे आणि ते नवे हाड कठीण होण्याचे काम मात्र काही महिने चालते. त्यामुळे भार वाढवल्यानंतर साधारण महिनाभराने हाड आधीपेक्षाही कमकुवत असण्याचा एक काळ येतो आणि नेमक्या त्याच काळात आपला उत्साह शिगेला पोहोचलेला असतो. साताऱ्याच्या शर्यतीत यवतेश्वरचा घाट चढताना दम लागतो, म्हणून सगळी चर्चा चढाचीच होते. परंतु नडगीला जास्त धक्के बसतात ते तोच घाट वेगाने उतरताना, आणि ते उतरणे सुमारे दहा किलोमीटरचे असते. तो घाट आणि आपले ऑक्टोबरमधील दुखणे यांचा संबंध असेलच असे मी येथे बसून ठामपणे सांगू शकत नाही, पण वेळापत्रक जुळते खरे.

‘आता दुखत नाही’ हे वाक्य म्हणूनच मला काळजीचे वाटते. विश्रांती मिळताच वेदना पहिल्या दोन-तीन आठवड्यांत मावळते, कारण सूज ओसरते, पण हाड तोवर भरलेले नसते. बसल्या जागी एक गोष्ट करून पाहा. पाय समोरच्या खुर्चीवर ठेवा आणि नडगीच्या आतल्या कडेवरून, जेथे हाडाची धार बोटाला लागते तेथून, घोट्यापासून वर अंगठा हळूहळू सरकवत दर बोटभर अंतरावर थोडा दाब द्या. दुखणे लांबवर पसरलेले आणि बोथट असेल, तर त्याला आपण शिन स्प्लिंट्स म्हणतो. रुपयाच्या नाण्याएवढ्या एकाच जागी अंगठा पोहोचताच पाय आपोआप मागे ओढला गेला, तर हाड अजून भरत आहे असे समजावे. या चाचणीवरून निदान करायचे नाही, ते आपल्या एमआरआयने आधीच केले आहे. चालताना न जाणवणारे दुखणे तेथे अजून आहे, एवढे आपल्या हाताला कळावे म्हणून ती सांगितली. साधा एक्स-रे काढून ‘काही नाही’ असे ऐकून पुन्हा धावायला लागणारे पुष्कळ जण असतात. हाडावरील ताण सुरुवातीचे दोन-तीन आठवडे एक्स-रेमध्ये बहुधा दिसतच नाही, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

आता मेहनतीविषयी. हृदय आणि फुप्फुसांनी कमावलेली ताकद आपल्याला वाटते तितक्या लवकर जात नाही. व्यायामाचा शरीरावरील परिणाम अभ्यासणारे अमेरिकी शास्त्रज्ञ एडवर्ड कॉइल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९८४ सालचा एक अभ्यास यासाठी नेहमी सांगितला जातो. चांगले कसलेले खेळाडू सराव पूर्ण थांबवून बसले, तेव्हा त्यांची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता पहिल्या बारा ते एकवीस दिवसांत ७ टक्क्यांनी घटली आणि पुढे सुमारे आठ आठवड्यांनी १६ टक्क्यांच्या घटीवर येऊन थांबली. सुरुवातीची घट मुख्यतः शरीरातील रक्ताचे प्रमाण कमी झाल्याने होते आणि सराव सुरू होताच ती भरूनही निघते. हे आकडे काहीही न करता बसलेल्यांचे आहेत हेही लक्षात घ्यावे. आपल्याला धावण्यास मनाई आहे, घाम गाळण्यास नाही.

त्यासाठी माझ्या मते सर्वांत उपयोगी गोष्ट म्हणजे खोल पाण्यात धावणे. कमरेला तरंगण्याचा पट्टा बांधायचा, तलावाच्या खोल बाजूला उतरायचे, पाय तळाला टेकू द्यायचे नाहीत आणि शरीर उभे ठेवून हात-पाय अगदी रस्त्यावर धावल्यासारखे हलवायचे. हाडावर धक्का जवळजवळ शून्य असतो आणि श्वास मात्र टेम्पो रनसारखा, म्हणजे बराच वेळ सलग जोरात धावल्यासारखा लागतो. मी महापालिकेच्या तलावात हे पहिल्यांदा करू लागलो, तेव्हा तेथील जीवरक्षक मुलगा बराच वेळ पाहत राहिला आणि शेवटी काठावर येऊन म्हणाला, “काका, पोहायला शिकायचं असेल तर सकाळच्या बॅचला या ना.” पोहता येते, पण मला पळायचे आहे, हे त्याला पटवून देणे थांबून-थांबून वेगाने धावण्याच्या कोणत्याही इंटरव्हल सरावापेक्षा अवघड होते. हा व्यायाम कमालीचा कंटाळवाणा आहे हेही सांगून टाकतो. म्हणून सलग अर्धा तास करण्यापेक्षा तीन मिनिटे जोरात आणि एक मिनिट सावकाश असे भाग पाडावेत. पाण्यात नाडीचे ठोके जमिनीपेक्षा कमी पडतात, त्यामुळे घड्याळातील आकड्यांवर न जाता दम किती लागतो यावर जोर ठरवावा. तलाव जवळ नसेल तर घरातील स्थिर सायकलही चालेल, मात्र यांपैकी काहीही सुरू करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे आणि करताना नडगी जराही दुखली तर तेथेच थांबावे. वेदनाशामक गोळी घेऊन व्यायाम करणे हा या काळातील सर्वांत वाईट उपाय आहे, कारण थांबण्याची सूचना देणारी एकमेव यंत्रणाच ती बंद पाडते.

ग्रुपमधील कोणीतरी आपल्याला अमेरिकी धावपटू जोन बेनॉइटचे उदाहरण नक्की देईल, किंवा एव्हाना दिलेही असेल. १९८४ साली अमेरिकेच्या ऑलिंपिक निवड चाचणीच्या अवघे सतरा दिवस आधी तिच्या गुडघ्यावर दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली, तरीही तिने ती चाचणी जिंकली आणि ५ ऑगस्टला लॉस एंजेलिस येथे महिलांची पहिली ऑलिंपिक मॅरेथॉन २ तास २४ मिनिटे ५२ सेकंदांत जिंकून सुवर्णपदक मिळवले. कथा खरी आहे आणि मलाही ती अतिशय आवडते. परंतु तिच्या गुडघ्यातील अडचण शस्त्रक्रियेने दूर झाली होती आणि त्या क्षणी ती जगातील सर्वांत वेगवान महिला मॅरेथॉनपटू होती. आपली अडचण हाडाची आहे आणि ती काढून टाकता येत नाही, भरू द्यावी लागते. जिद्दीने हाड लवकर भरत नाही, हे कटू असले तरी एकदा स्वीकारले की मनावरचे मोठे ओझे उतरते.

मनाविषयी आपण थोडे संकोचून विचारले आहे, पण माझ्या अनुभवात सर्वांत अवघड भाग तोच आहे. पहाटे साडेचारचा गजर, तोच रस्ता, तीच माणसे आणि धावून झाल्यावरचा पोहे-चहा, हे सगळे एका दिवसात बंद होते, तेव्हा चिडचिड होणे साहजिक आहे. त्यात घरचे कोणीतरी ‘तरी सांगत होतो, धावून गुडघे झिजतात’ असे ऐकवतेच. (दुखणे नडगीचे असले तरी दोष गुडघ्यालाच! हौसेने धावणाऱ्यांमध्ये गुडघ्याचा संधिवात बैठी जीवनशैली असणाऱ्यांपेक्षा कमी आढळतो, असे संशोधन सांगते, हे त्यांना सावकाश सांगावे.) एरवीच्याच वेळी उठून तो वेळ तलावाला किंवा सायकलला द्यावा, म्हणजे दिनक्रम मोडत नाही. इतरांचे धावण्याचे आकडे दाखवणारे अॅप महिनाभर फोनवरून काढून टाकावे, त्यात कमीपणा काही नाही. ग्रुप मात्र सोडू नये. रविवारी लाँग रनच्या वाटेवर पाणी, मीठ लावलेल्या संत्र्याच्या फोडी आणि इलेक्ट्रॉल घेऊन उभे राहायला नेहमीच माणूस कमी पडतो. ते काम करताना पंचविसाव्या किलोमीटरनंतर कोणाची पावले फरपटू लागतात, कोण खांदे आवळून धावतो आणि कोण पाणी नको म्हणत पुढे जाऊन मग बसतो, हे जितके स्पष्ट दिसते तितके स्वतः धावताना कधीच दिसत नाही. दोन रविवार उभे राहूनही मन जास्तच उदास होत असेल, तर खुशाल घरी राहावे. त्याची सक्ती करून घेऊ नये.

खाण्याकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात. धावणे बंद झाले म्हणून जेवण निम्म्यावर आणू नका, हाड भरायलाही ऊर्जा लागते. ड जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि हिमोग्लोबिनची तपासणी करून घ्या. आपल्याकडे भरपूर ऊन असूनही ड जीवनसत्त्वाची कमतरता फार आढळते. नाचणी, दूध, दही, तीळ हे घरातच असते. शाकाहारी असाल तर प्रत्येक जेवणात डाळ, उसळ किंवा पनीर पुरेसे आहे का ते पाहा. स्त्री धावपटूंची पाळी अनियमित झाली असेल किंवा थांबली असेल, तर ती बाब डॉक्टरांना आवर्जून सांगावी, कारण कमी खाणे, पाळी आणि हाडांची ताकद यांचा थेट संबंध असतो आणि तो धागा सुटला तर हाच त्रास दुसऱ्या पायात उद्भवू शकतो.

सहा आठवड्यांनंतर काय, हे पाहू. अंगठ्याच्या दाबाने दुखत नाही, तीस ते पंचेचाळीस मिनिटे भरभर चालून त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही काही जाणवत नाही आणि फिजिओथेरपिस्टच्या समोर एका पायावर उड्या मारता येतात, असे झाले की परत धावायला लागता येते. तेही एक मिनिट धावणे आणि चार मिनिटे चालणे, एक दिवसाआड, सपाटीवर. हळूहळू धावण्याची मिनिटे वाढवावीत, नंतर अंतर, त्यानंतर वेग आणि सर्वांत शेवटी उतार. स्नायूंच्या दुखण्यात थोडेफार दुखले तरी चालते, हाडाच्या दुखण्यात मात्र शून्याशिवाय दुसरा आकडा चालत नाही. पाऊल थोडे आखूड टाकून दर मिनिटाला पडणाऱ्या पावलांची संख्या पाच ते दहा टक्क्यांनी वाढवली, तर पायावरचा भार कमी होतो. पोटरीचे व्यायाम, विशेषतः गुडघा वाकवून टाच उचलण्याचा, परवानगी मिळताच सुरू करावेत आणि बरे झाल्यावरही थांबवू नयेत.

हे सगळे नीट झाले तर नोव्हेंबरच्या अखेरीस आपण एक-एक मिनिट धावत असाल आणि मुंबईची शर्यत जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असेल. मधल्या सात आठवड्यांत एका मिनिटावरून ४२ किलोमीटरवर जाणे, तेही शेवटच्या टप्प्यात पेडर रोडचा चढ असलेल्या मार्गावर, म्हणजे त्याच हाडाला पुन्हा त्याच खिंडीत गाठणे होय. हाफ मॅरेथॉनचाही मोह मी आवरला असता. नावनोंदणी पुढे ढकलता येते का, याविषयीचे आयोजकांचे नियम आजच वाचून घ्या, मुदत उलटून गेल्यावर काही उपयोग नसतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये एखादी दहा किलोमीटरची शर्यत आरामात धावून पाहावी आणि पूर्ण मॅरेथॉनसाठी पुढच्या वर्षीची मुंबई धरावी. ऑगस्टमधील हैदराबादही काही जण सुचवतील, पण तेथील चढउतार आणि दमट हवा पाहता पहिल्या ४२ किलोमीटरसाठी मी ती निवडणार नाही. पुढील तपासणीला जाताना जूनपासूनच्या आठवडावार किलोमीटरची नोंद सोबत न्यावी आणि भार नेमका कोणत्या आठवड्यात उडी मारून वाढला ते डॉक्टरांसोबत बसून पाहावे, कारण पुढच्या वर्षीचे वेळापत्रक त्याच आठवड्याकडे पाहून आखायचे आहे.