वाचकांचे प्रश्न : मिसळलं की किंमत गेली

या वेळी घरच्या ओल्या-सुक्या कचऱ्यापेक्षा कारखान्यातल्या कचऱ्याचे प्रश्न जास्त आलेत आणि ते कारखाना चालवणाऱ्यांनीच विचारलेत, याचं मला मनापासून बरं वाटलं. बावीस वर्षं मी कारखान्यांच्या पाण्याचे आणि मातीचे नमुने तपासले, त्यातून जे कळलं तेच इथे सांगतेय. नावं कुणाचीच छापत नाही, निवांत लिहीत जा.

ताई, शिरोली एमआयडीसीत आमची छोटी फाउंड्री आहे, म्हणजे लोखंड ओतायचा कारखाना, वडिलांनी चालू केलेली. जळकी वाळू न्यायला ट्रॅक्टरवाला येतो, खेपेचे पैसे घेतो, पुढं कुठं टाकतो ते आम्ही कधी विचारलंच नाही. परवा गावाकडं जाताना ओढ्याच्या काठाला काळ्या वाळूचा ढीग दिसला, उतरून बघितलं तर त्यात आमच्याच कास्टिंगच्या रनरचा, म्हणजे साच्यात लोखंड जायच्या वाटेत गोठलेला तुकडा. तेव्हापासून डोक्यातून जात नाही. काय करू?

दादा, तो तुकडा ओळखून तुम्ही गप्प बसला नाहीत, निम्मं काम तिथेच झालं. आधी तो ढीग पाऊस लागायच्या आत उचलून आणा. त्याच ट्रॅक्टरवाल्याला सांगा, खेपेचे पैसे द्या, पण आणाच, कारण एकदा ओढा वाहायला लागला की ती वाळू कुठल्या विहिरीपर्यंत जाईल ते कुणाच्या हातात राहत नाही.

आता वाळूचं. तुम्हाला हे माहीत आहे, पण बाकीच्या वाचकांसाठी सांगते. लोखंड ओतायचे साचे ज्या वाळूचे करतात ती ग्रीन सँड म्हणजे सिलिका वाळू, बेंटोनाइट ही चिकट माती, कोळशाची पूड आणि पाणी. ही एकदा वापरून फेकायची वाळू नव्हेच, मोल्ड म्हणजे साचा फोडला की ती परत सँड प्लांटला जाते आणि फिरत राहते. पण वितळलेल्या लोखंडाला लागून जो थर असतो त्यातलं बेंटोनाइट जळून मरतं, मग कितीही पाणी घाला, चिकटपणा येत नाही. ही मेलेली माती आणि बारीक धूळ वाढली की कास्टिंगला डिफेक्ट यायला लागतात, म्हणून थोडी जुनी काढायची, थोडी नवी घालायची. जुने मोल्डर हे मुठीत धरून सांगतात: वाळू आवळली की बोटांचे ठसे उमटले पाहिजेत आणि गोळा मधून मोडला तर कडा स्वच्छ राहिल्या पाहिजेत. मी एका शॉपमध्ये एका काकांना असं करताना बघितलंय, त्यांनी लॅबचा रिपोर्ट यायच्या आधीच मान हलवली होती, आणि रिपोर्टही तसाच आला.

कोअरची, म्हणजे कास्टिंगमधली पोकळी राखायला साच्यात ठेवतात त्या गाभ्याची वाळू मात्र वेगळी, त्यात रेझिन असतं. कास्टिंगवर बारीक छर्रे मारून ते साफ करतात त्या शॉट ब्लास्टिंगची धूळ आणखी वेगळी, भट्टीतली मळी म्हणजे स्लॅग वेगळा. पण तुमच्या आवारात मागच्या भिंतीला जाऊन बघा, हे सगळं एकाच ढिगात असणार, आणि सगळा घोळ तिथेच होतो. पेव्हर ब्लॉकवाला, विटावाला तुमची वाळू घेऊ शकतो, नदीच्या वाळूचा काही भाग तिने भागतो, पण त्याला रोज सारखा माल पाहिजे. आज नुसती ग्रीन सँड आली, उद्या अर्धी रेझिनची आली, परवा त्यात ब्लास्टिंगची धूळ, तर तो सिमेंटचं प्रमाण कसं बसवणार? एकदोनदा ब्लॉक फुटले की तो नाही म्हणतो आणि मग ट्रॅक्टर ओढ्याकडे वळतो.

म्हणून खर्च करायचाच तर आधी चार कप्प्यांवर करा. ब्लॉकच्या कमरेएवढ्या भिंती, वर पत्रा, खाली कोबा, पावसाचं पाणी शिरता कामा नये. वाळूवरून मॅग्नेट फिरवा, लोखंडाचे तुकडे परत भट्टीत जातील. मग प्रत्येक कप्प्यातला नमुना मान्यताप्राप्त लॅबला देऊन त्यातून पाण्यात काय उतरतं ते तपासून घ्या, फिनॉल आणि जड धातू खास करून. रिपोर्ट बरा आला तर ब्लॉकवाल्याकडे तो कागद घेऊन जा. खराब आला तर तो माल हॅझार्डस वेस्टच्या, म्हणजे घातक कचऱ्याच्या नियमांनीच गेला पाहिजे, तिथे शॉर्टकट नाही. कोअरची वाळू सहाशे-सातशे डिग्रीला तापवून रेझिन जाळून टाकता येतं आणि वाळू परत वापरता येते, पण तो प्लांट एका छोट्या फाउंड्रीला झेपत नाही. दहा-पंधरा जणांनी मिळूनच करायला हवा, तुमच्या असोसिएशनच्या पुढच्या मीटिंगला हा विषय तुम्हीच काढा. आणि ट्रॅक्टरवाल्याकडून माल कुठे उतरवला त्याची सहीची पावती घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

आमच्या गावाजवळच्या गुऱ्हाळात चुलवाणात प्लॅस्टिकचे गठ्ठे आणि जुन्या चपला जाळतात. काळा धूर सगळ्या वस्तीवर येतो, लहान पोरं खोकतात. ऊस गाळल्यावर चिपाड निघतंच की, मग हे कशाला?

तुमचा राग बरोबर आहे. पूर्वी चिपाडावरच सगळी कढई निघायची, अजूनही बरीच गुऱ्हाळं तशीच चालतात. पण चिपाड वाळवायला जागा लागते, ऊन लागतं, माणसं लागतात, पावसाळी हवेत ते ओलंच राहतं. शिवाय चिपाडाला बाहेर गिऱ्हाईक आहे. आणि दुसरीकडे रद्दी वापरणाऱ्या पेपर मिलमधून लगद्यातनं निघालेलं प्लॅस्टिक कुणाला तरी खपवायचंच असतं, ते जवळजवळ फुकट पडतं. एकाचा कचरा दुसऱ्याचं जळण झालं, तर ऐकायला छान वाटतं, पण प्रत्येक वेळी ते खरं नसतं.

चपलेत पीव्हीसी असतं, ते जळलं की हायड्रोक्लोरिक आम्लाचा धूर निघतो, आणि अर्धवट जळलं तर डायॉक्सिन तयार होतात, तेही सगळ्यात जहाल विषांपैकी. हेच न विकलं जाणारं प्लॅस्टिक सिमेंटच्या भट्टीत जाळता येतं, कारण तिथे कच्चा माल चौदाशे डिग्रीच्या वर तापतो, वायू त्याहून गरम असतो आणि जळायला वेळ मिळतो. अर्थात तिथेही पीव्हीसी चालत नाही, क्लोरिन त्यांना नकोच असतं, ते वेगळं काढावंच लागतं. गुऱ्हाळाच्या चुलवाणात यातलं काहीच नसतं आणि धुराडं पोरांच्या डोक्यावर.

ग्रामपंचायतीचा ठराव करून घ्या आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयात फोटो, तारीख, वेळ लिहून तक्रार द्या, दहा घरांच्या सह्या असू द्या. पण गुऱ्हाळवाल्याशीही बोला. तोही गावातलाच असणार. चिपाड झाकून ठेवायला शेड आणि चुलवाणाला हवा नीट खेळेल अशी बांधणी, एवढं केलं तर जळण कमी लागतं. आणि प्लॅस्टिकचा ट्रक कुठून येतो त्याचा नंबर टिपून ठेवा, कारण खरा दोषी त्या टोकाला बसलाय आणि त्याचं नाव तक्रारीत कधीच येत नाही.

कारखान्याच्या डिस्टिलरीचं मळीचं पाणी शेतात सोडलं तर खत होतं असं आमचे चुलते म्हणतात. खरं का?

अर्धं खरं, आणि अर्धं खरं असलेलं जास्त नुकसान करतं. त्यात पोटॅश भरपूर असतो हे खरं. पण एक लिटर अल्कोहोलमागे आठ ते पंधरा लिटर स्पेंट वॉश, म्हणजे हेच मळीचं पाणी निघतो, तो इतका जड असतो की ओढ्यात गेला तर पाण्यातला ऑक्सिजन खाऊन टाकतो, मासे वर येतात. कच्चा तसाच शेतात सोडला तर जमिनीत क्षार साठतात आणि विहिरीचं पाणी चहासारखं होतं. तो रंग सहजासहजी जात नाही, मी अशा विहिरीचे नमुने घेतलेत, तीन वर्षांनी परत गेले तरी तोच रंग. आता बऱ्याच डिस्टिलऱ्या तो आटवून खास बॉयलरमध्ये जाळतात आणि त्या राखेतून पोटॅश खत काढतात. कुणी प्रेसमडमध्ये, म्हणजे साखर कारखान्यात रस गाळल्यावर उरणाऱ्या गाळात मुरवून कंपोस्ट करतं. पोटॅश आपण बाहेरच्या देशातून आणतो, म्हणून ती राख मोलाची आहे. चुलत्यांना सांगा, टँकर नको, राख मागा.

सोलापुरात आमचा युनिफॉर्म शिवायचा छोटा युनिट आहे, बारा बायका आहेत. रोज पोतंभर चिंध्या निघतात, भंगारवाला कवडीमोल भावात नेतो. काही करता येईल का?

ताई, तुमच्याकडे कापायच्या टेबलापाशी किती पोती लावलेली असतात? माझा अंदाज, एकच. तिथे तीन लावा. शुद्ध कॉटन, पॉली-कॉटन आणि बाकीचं. शुद्ध कॉटनच्या चिंध्या पिंजून परत सूत होतं, पॉलिस्टर मिसळलेल्याचं तसं होत नाही, म्हणून एकत्र पोत्याला सगळ्यात वाईट मालाचाच भाव मिळतो. पानिपतला जुन्या कपड्यांपासून धागा काढण्याचा मोठा धंदाच उभा आहे, तिथे तर रंगानुसारही ढीग लावतात, कारण रंग वेगळा ठेवला की परत रंगवायला नको, पाणीही वाचतं. युनिफॉर्मचे रंग ठरलेले असतात, नेव्ही ब्लू, खाकी, पांढरा, म्हणजे तुमचं काम इतरांपेक्षा सोपं. मऊ कॉटनचे मोठे तुकडे वर्कशॉपवाले पुसायला घेतात. गोधड्याही करा, पण सगळ्या चिंध्या गोधडीत संपतील असं धरून चालू नका, तेवढी मागणी नसते. आणि कटिंग मास्टरला मार्कर, म्हणजे कापडावरची तुकड्यांची आखणी दाटीने लावायला सांगा, निघाली नाही ती चिंधी सगळ्यात स्वस्त.

मी पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. वेफर्सच्या पाकिटावर रिसायकलचं चिन्ह असतं, तरी कचरावेचक मावशी ते घेत नाहीत. आणि माझा मित्र म्हणतो, आपल्यासारख्या देशाला आधी नोकऱ्या पाहिजेत, हे सगळं श्रीमंतांचं काम. त्याला काय सांगू?

अरे बाळा, मावशींना तुझ्या पाकिटावरच्या चिन्हापेक्षा बाजार जास्त कळतो. त्या पाकिटात प्लॅस्टिकचे थर आणि ॲल्युमिनियमचा पातळ मुलामा एकमेकांना चिकटलेले असतात, ते सोडवायचा खर्च मालापेक्षा जास्त. पाण्याची बाटली एकाच जातीची, तिला भाव आहे. फाउंड्रीच्या ढिगाची गोष्ट आणि ही गोष्ट एकच आहे, फक्त इथे मिसळण्याचं काम कंपनीने डिझाइन करतानाच केलंय. म्हणून उत्पादकाची जबाबदारी, ज्याला ईपीआर म्हणतात, ती प्लॅस्टिकच्या नियमांत २०११ पासून आहे, २०२२ मध्ये तिचे टार्गेटही ठरले. त्यात रिसायकलिंगची खोटी सर्टिफिकेटंही सापडली, तेव्हा नुसत्या कागदावर कुणी समाधान मानू नये.

मित्राला सांग, नोकऱ्या इथेच आहेत, फक्त त्यांना नोकरी म्हणायला आपल्याला वेळ लागला. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ मध्ये उभी राहिली, २००८ मध्ये ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था महापालिकेच्या करारावर काम करायला लागली. तोवर याच बायका कुंडीत हात घालून हेच काम करत होत्या आणि शहर त्यांना चोर समजायचं. देश गरीब आहे म्हणून रिसायकलिंग परवडत नाही असं नाहीये, आज जे होतंय ते गरिबांच्या हातांनीच होतंय, आणि त्यातल्या बऱ्याच हातांना ग्लोव्हज, ओळखपत्र आणि दवाखाना मिळत नाही, हा खरा प्रश्न आहे.

तू इंजिनिअर होणार आहेस ना? मग प्रोजेक्टला मावशींच्या सॉर्टिंग शेडवर एक आठवडा बस. त्यांना विचार कुठलं पॅकिंग त्या हात न लावता टाकून देतात, ती यादी कर आणि मला पाठव, पुढच्या अंकात छापते.